विद्यापीठातल्या शिक्षकांचं अध्यापन-प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विद्यापीठातल्या शिक्षकांबरोबर त्यांच्या शिकवण्यावर काम करतो. पुढचे प्रश्न मेलवर येतात, कार्यशाळा संपल्यावर दाराशी येतात, कधी दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत जिन्यात येतात. जे पुन्हा पुन्हा येतात तेवढेच इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विषयात पीएचडी आहे, विद्यार्थ्यांची तक्रारही नाही. मग शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण कशाला?

विषय येणं वेगळं आणि तो विषय नवख्याला कुठे अडतो हे ओळखता येणं वेगळं. शिक्षणसंशोधक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हा फरक नीट मांडला. कोणतं उदाहरण द्यायचं, कोणता गैरसमज विद्यार्थी आधीच घेऊन आलेला असतो, कुठली पायरी गाळून चालत नाही, हे शिक्षकाचं खास ज्ञान आहे आणि ते पीएचडीत मिळत नाही. उलट आपण विषयात जितके मुरतो तितका आपला स्वतःचा नवखेपणा विसरत जातो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांचा अनुभव मी नेहमी सांगतो. विद्यार्थ्यांचे त्यांच्याबद्दलचे अभिप्राय उत्तम होते आणि विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते. मग १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला साध्या संकल्पनांची चाचणी दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार एकमेकांवर आदळल्या तर कोणाचं बल जास्त, अशा धर्तीचे प्रश्न होते. एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं द्यायचं की मी एरवी विचार करते तसं? निकाल पाहून माझूर यांनी शिकवण्याची रीतच बदलली (प्रश्न ११ पाहा). तक्रार आली नाही एवढ्यावरून विद्यार्थी शिकले असं धरता येत नाही.

२. यात नेमकं काय काय येतं? फक्त कार्यशाळा?

कार्यशाळा सगळ्यांना दिसतात, पण तो एक भाग झाला. नव्या शिक्षकांसाठी काही महिने चालणारे अभ्यासक्रम असतात. सहकाऱ्यानं तासाला बसणं असतं (प्रश्न ६), सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांशी बोलणं असतं (प्रश्न ८), अनुभवी शिक्षकाचं मार्गदर्शन, विभागातला वाचनगट, स्वतःच्या वर्गाचा पद्धतशीर अभ्यास (प्रश्न १४) हेही असतं. अशा कामासाठी विद्यापीठात स्वतंत्र केंद्र असावं ही कल्पना जुनी आहे. मिशिगन विद्यापीठातलं केंद्र १९६२ मध्ये सुरू झालं.

३. एका दिवसाच्या कार्यशाळेनं काही बदलतं का?

एकट्या कार्यशाळेनं फारसं नाही. दुपारी चार वाजता उत्साह असतो, सोमवारी सकाळी तीच जुनी स्लाइड उघडते. दोष तुमचा नाही. नवी पद्धत पहिल्यांदा वापरताना तास विस्कळीत होतोच, आणि त्या वेळी बोलायला कुणी नसलं की माणूस जुन्याकडे वळतो.

जास्त दिवस चालणाऱ्या प्रशिक्षणाबद्दल आशादायक पुरावा आहे. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये ८ देशांतल्या २२ विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या शिकवण्यात आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या पद्धतीत चांगला बदल दिसला. प्रशिक्षण न मिळालेल्या नव्या शिक्षकांत तो दिसला नाही, काही बाबतींत तर घसरण होती. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून निष्कर्ष जपून वापरावा.

तरी एका दिवसाच्या कार्यशाळेला जायचंच असेल तर तीन गोष्टी करा. विभागातल्या एका सहकाऱ्याला बरोबर न्या, तिथून एकच गोष्ट उचला, आणि ती कोणत्या तासाला करून पाहणार ती तारीख तिथेच लिहून ठेवा.

४. वेळच नाही. आठवड्याला अर्धा तास मिळतो. त्यात काय होईल?

बरंच काही. दोन गोष्टींपासून सुरुवात करा.

पहिली म्हणजे थांबणं. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तो अवधी ३ सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, आणि उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं. मोठ्यांच्या वर्गातही मी हे पाहतो. मनात तीन अंक मोजताना ती शांतता फार लांब वाटते, पण पहिल्या बाकापलीकडचा हात बहुधा तिसऱ्या सेकंदानंतरच वर येतो.

दुसरी म्हणजे तास संपताना एक मिनिटाची चिठ्ठी. आज काय कळलं आणि काय अडलं, एवढंच, नाव न घालता. चाळीस चिठ्ठ्या चाळायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या अडचणीनं करा. ती केली नाही, तर तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागतील.

५. चर्चा, गटकाम वगैरे केलं तर पोर्शन पुरा होणार नाही. मग?

ही काळजी खरी आहे आणि तिला झटकून टाकणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत. परीक्षा सामाईक असते, पुढच्या वर्षीचा शिक्षक तुमच्या पोर्शनवर विसंबून असतो. पण पोर्शन पुरा झाला म्हणजे कोणाचा? फळ्यावरचा, की विद्यार्थ्याच्या डोक्यातला?

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटानं तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुनर्वाचनवाले पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. सगळा वेळ सांगण्यातच गेला आणि आठवायला काही उरला नाही, तर पोर्शन पुरा होतो आणि गळूनही जातो.

काम असं करा. एकच घटक घ्या. त्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करा: वर्गातच हवा, घरी वाचून येतील, किंवा केवळ मला आवडतो म्हणून आहे. तिसरी खूण करायला जीव होत नाही, माझाही होत नाही. पण तिथूनच दहा मिनिटं सुटतात आणि तीच प्रश्नाला द्यायची. सगळा अभ्यासक्रम एकदम पालटू नका.

६. सहकारी माझ्या तासाला येऊन बसणार ही कल्पनाच नको वाटते. ते नेमकं काय पाहतात?

नको वाटणं स्वाभाविक आहे. आपलं संशोधन चार जण तपासतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण तासाचं दार आपण आतून लावून घेतो. ते दार उघडणं हा या सगळ्यातला सर्वांत फलदायी भाग आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी भेट होते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. निरीक्षकानं कशावर लक्ष ठेवायचं ते तुम्ही सांगता. ‘सगळं बघा’ असं सांगू नका. ‘माझे प्रश्न ऐका’ किंवा ‘मागच्या तीन रांगा काय करतात ते बघा’ असं नेमकं सांगा.

तासाला निरीक्षक मागे बसतो आणि लिहितो. चांगल्या टिपणात शेरे नसतात, फक्त वेळ आणि जे घडलं ते असतं. एका गणिताच्या तासाला मी लिहिलेल्या तीन ओळी देतो, संबंधित प्राध्यापिकेच्या संमतीनं:

११:०७. ‘समजलं?’ पुढच्या तिघांनी मान हलवली. लगेच पुढची ओळ.
११:१९. मागची विद्यार्थिनी समीकरण खोडते, पुन्हा लिहिते, शेजारणीच्या वहीत पाहते. शेजारणीनंही खोडलंय.
११:२६. प्रश्न फळ्याकडे तोंड करून विचारला. उत्तर स्वतःच दिलं.

नंतरच्या भेटीत मी काही बोलण्याआधी त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. दोन्ही वह्यांत एकाच जागी खाडाखोड होती. ‘तिथे मी एक पायरी तोंडीच करते,’ त्या म्हणाल्या. वीस वर्षं ती पायरी त्यांना पायरी वाटलीच नव्हती. मी ‘पायऱ्या नीट लिहा’ असा शेरा मारला असता तर त्या रागावल्या असत्या, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

म्हणून नंतरच्या भेटीत आधी शिक्षक बोलतो, निरीक्षक टिपण पुढे सरकवतो आणि थांबतो. शेवटी एकच बदल ठरतो. मग भूमिका बदलतात आणि तुम्ही त्यांच्या तासाला जाता. माझ्या अनुभवात, ज्याच्या तासाला कुणी बसलं त्याच्याइतकंच, कधी जास्तच, जो बसला तो शिकतो.

७. कुणाला बोलवायचं नाही. स्वतःच तास टिपून पाहिला तर?

चालेल. प्रशिक्षणात तास रेकॉर्ड करून पाहण्याची रीत स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमारास सूक्ष्म-अध्यापनाबरोबर (छोट्या गटाला काही मिनिटंच शिकवून करायचा सराव) रुळली. पहिल्या पाहण्यात माणूस आपला आवाज आणि हातवारे यांतच अडकतो, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा पाहताना फक्त मोजा: मी किती वेळ बोललो, विद्यार्थी किती. कॅमेरा शक्यतो तुमच्याकडेच रोखलेला असावा आणि वर्गाला आधी सांगितलेलं असावं. विद्यार्थी ओळखू येत असतील तर त्यांची परवानगी घ्या आणि काम झाल्यावर फाइल पुसून टाका.

८. सत्राच्या शेवटी येणाऱ्या विद्यार्थी-अभिप्रायांना किती महत्त्व द्यायचं?

माहिती म्हणून द्या, निवाडा म्हणून नको. बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांची एकत्र छाननी केली. शिक्षकाला मिळालेले गुण आणि त्याचे विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले यांत म्हणावा असा संबंध सापडला नाही. २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दिसणारी स्त्री-पुरुष ओळख बदलून पाहिली. पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला जास्त गुण मिळाले, अगदी गृहपाठ वेळेवर परत करण्याच्या बाबतीतसुद्धा, आणि तो तर दोघांनी एकाच वेळी परत केला होता.

याचा अर्थ विद्यार्थ्यांचं ऐकू नये असा नाही. आवाज ऐकू आला का, सूचना स्पष्ट होत्या का, वही तपासून परत मिळाली का, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फक्त सत्र संपल्यावर विचारलं तर सांगणाऱ्याला त्याचा फायदा उरत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन प्रश्न विचारा: शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, काय बदलावं. याहून चांगलं म्हणजे तुम्ही बाहेर जा आणि सहकाऱ्याला वर्गाशी वीस मिनिटं बोलू द्या. विद्यार्थी आधी छोट्या गटांत ठरवतात, मग सगळ्यांसमोर मांडतात, त्यामुळे एखाद्याचा राग आणि सगळ्यांची अडचण वेगवेगळी दिसते. पुढच्या तासाला, यातलं काय बदलणार, काय नाही आणि का, हे त्यांना सांगायला विसरू नका.

९. विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या पद्धतींना खरंच पुरावा आहे, की ही फॅशन आहे?

पुरावा भक्कम आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना वर्गात काम देणाऱ्या वर्गांत २१.८. मात्र त्या छत्रीखाली खूप निरनिराळ्या गोष्टी येतात. ‘गट करा आणि चर्चा करा’ एवढ्यानं काही होत नाही. प्रश्न चांगला लागतो, आणि तो रचणं हेच यातलं कष्टाचं काम आहे. उत्तम व्याख्यानाची जागाही कायम आहे, विशेषतः एखाद्या प्रश्नाशी झगडून विद्यार्थी उत्तरासाठी आतुर झालेले असतात तेव्हा.

१०. नवी पद्धत वापरली आणि विद्यार्थी म्हणाले, ‘तुम्ही शिकवतच नाही’. जुन्याकडे परत जाऊ?

इतक्यात नको. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. स्वतः काम करून शिकणारे विद्यार्थी चाचणीत जास्त शिकलेले दिसले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः झगडताना आपलं न कळणं उघड होतं. पहिल्याच आठवड्यात हे वर्गाला सांगा, तेही एका चाचणीचा निकाल दाखवून. असंतोष तरीही राहिला तर तक्रार नेमकी वाचा. ‘शिकवत नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘शेवटी बरोबर उत्तर काय ते कळलंच नाही’ असा असतो, आणि ती तक्रार रास्त आहे. शेवटची पाच मिनिटं उत्तर बांधून द्यायला ठेवा.

११. माझ्या वर्गात ३०० विद्यार्थी आहेत. यातलं काय जमेल?

माझूर यांची पद्धत (प्रश्न १) मोठ्या वर्गातच घडली. संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवून मत द्यायचं. मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं. पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असतील तर आधी तुम्ही समजावा, जास्त असतील तर पुढे चला. हात वर करूनही हे जमतं, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी करायला हवा.

१२. प्रशिक्षणात ‘दृक्, श्राव्य, कृतिशील’ अशा शैली शिकवल्या. प्रत्येकाला त्याच्या शैलीनुसार शिकवायचं का?

नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले. शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार मिळाला नाही. माध्यम आशयावरून ठरतं. नकाशा सगळ्यांनी पाहावा लागतो आणि उच्चार सगळ्यांनी ऐकावा लागतो. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के’ असा त्रिकोण दाखवला गेला तर त्यातल्या आकड्यांनाही संशोधनाचा आधार नाही. प्रशिक्षकाला ‘हे कुठून आलं?’ असं जरूर विचारा. विचारलेलं मला स्वतःला आवडतं.

१३. बढती संशोधनावर मिळते. शिकवण्यावर वेळ घालवणं परवडतं का?

प्रश्न बोचरा आहे आणि ‘समाधान मिळतं’ हे त्याचं उत्तर नव्हे. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की विद्वत्ता फक्त नवा शोध लावण्यात नसते, ती जोडण्यात, वापरण्यात आणि शिकवण्यातही असते. तेव्हापासून अनेक विद्यापीठांनी अध्यापनावर आधारित बढतीचे मार्ग काढले, स्वीडनमधल्या लुंडच्या अभियांत्रिकी शाखेनं २००१ पासून. तुमच्याकडे तसा मार्ग आहे का हे नियमावलीत स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

‘संशोधक चांगला तर शिक्षक चांगलाच’ हेही गृहीत धरू नका. हॅटी आणि मार्श यांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र केले, तर दोहोंतला सहसंबंध ०.०६ निघाला, म्हणजे जवळजवळ शून्य. दोन्ही वेगवेगळी कमवावी लागतात.

१४. माझ्या वर्गावरच संशोधन करून लेख लिहायचा आहे. परवानगी लागते का?

शिकवणं सुधारावं म्हणून विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या (प्रश्न ४) वाचणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. तीच माहिती प्रसिद्ध करायची ठरली की मामला बदलतो, आणि माहिती गोळा करण्याआधीच संस्थेच्या नैतिकता समितीकडे जावं. मुख्य अडचण अधिकाराची असते. गुण देणारा माणूसच ‘भाग घ्याल का?’ विचारतो, मग नाही कोण म्हणेल? म्हणून संमती दुसऱ्यानं घ्यावी आणि कोणी दिली हे निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळू नये.

१५. कोणतं प्रमाणपत्र घ्यावं? ते सगळीकडे चालतं का?

जगभर चालणारा परवाना नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी २००८ मध्ये एकमेकांची अध्यापन-पात्रता मान्य करायचं ठरवलं. नॉर्वेमध्ये २०१९ पासून किमान २०० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. ब्रिटनमधल्या ‘ॲडव्हान्स एचई’ या उच्चशिक्षणासाठीच्या संस्थेची फेलोशिप चार पातळ्यांवर मिळते, ब्रिटनबाहेरचे शिक्षकही ती घेतात, आणि तिची चौकट २०२३ मध्ये नव्यानं आखली गेली. निवडताना एकच पाहा: त्यात तुमचा प्रत्यक्ष तास कुणी पाहणार आहे का? नसेल तर तो कागद तुमच्या वर्गापर्यंत पोहोचणं कठीण.

१६. टीचिंग पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या शिकवण्याच्या पुराव्यांच्या फाइलमध्ये, काय घालू? माझ्याकडे फक्त प्रमाणपत्रं आहेत.

ती शेवटी जोडा. ‘मी विद्यार्थीकेंद्री शिकवतो’ हे वाक्य प्रत्येक फाइलमध्ये असतं आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक अडचण, तुम्ही केलेला बदल आणि आधी-नंतरचा पुरावा द्या. प्रश्न ६ मधल्या प्राध्यापिकेनं त्या पायरीच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरपत्रिकांची दोन पानं, नावं झाकून, शेजारीशेजारी लावली. खाली सहा ओळी लिहिल्या. जो बदल फसला तोही लिहा, काय कळलं यासकट.

१७. मी अर्धवेळ शिकवतो, किंवा पीएचडी करता करता तास घेतो. हे मला लागू आहे का?

पूर्णपणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर अनेकदा तुम्हीच असता. प्रवेश मिळत नसेल तर लेखी विचारा. आणि प्रशिक्षणाच्या तासांचा मोबदला मिळतो का, हेही आधीच विचारा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

१८. माझ्या तासाचं निरीक्षण (प्रश्न ६) ‘फक्त सुधारणेसाठी’ होतं. आता विभागप्रमुख ते टिपण मूल्यमापनासाठी मागताहेत. द्यावं लागेल का?

संस्थेचा लेखी नियम काय म्हणतो ते आधी पाहा. नियम नसेल तर माझी भूमिका स्पष्ट आहे. सुधारणेसाठीचं टिपण ज्याच्या तासाचं त्याच्या मालकीचं. निरीक्षकानं ते परस्पर देऊ नये. मूल्यमापन हवं असेल तर ते वेगळ्या माणसानं, आधी सांगून, ठरलेल्या निकषांवर, एकापेक्षा जास्त तास पाहून करावं. दोन्ही एकत्र झाली की पुढच्या वेळी शिक्षक अडखळणारा तास दाखवणार नाही, घोटून बसवलेला दाखवेल. म्हणूनच मी टिपणाची प्रत स्वतःकडे ठेवत नाही. नंतरची भेट संपली की कागद शिक्षकाच्या हातात देतो.